तहहयात कारभारी आणि बिनमताचे खेळाडू

सप्टेंबर उजाडला, की वाकडमधील गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभांचे वेध लागतात. कस्पटे वस्तीपासून भूमकर चौकापर्यंत दाटीने उभ्या राहिलेल्या इमारतींच्या वाहनतळांत खुर्च्या मांडल्या जातात, ध्वनिक्षेपक आणला जातो, आणि एरवी लिफ्टमध्ये भेटले तरी परस्परांकडे न पाहणारे सभासद त्या दिवशी उपविधींची पुस्तिका हातात घेऊन, पाहुण्यांच्या गाडीला जागा कोणत्या कलमान्वये द्यावयाची, भाड्याने दिलेल्या सदनिकेवर ना-भोगवटा शुल्क किती आकारावयाचे आणि शिलकेतील रक्कम समितीने कोणाच्या संमतीने खर्ची घातली, यांवर दुपार कलेपर्यंत वाद घालतात. या कलहाला हसणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नव्हे. ज्या गृहस्थाला आपल्या संस्थेचा नियम ठाऊक आहे, तो बदलावयाचा तर सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते हे ठाऊक आहे, आणि त्या संमतीवाचून केलेला बदल निबंधकाच्या दप्तरी टिकणार नाही हेही ठाऊक आहे, तो लोकशाहीचा अर्धा अधिक पाठ आपल्या वाहनतळातच शिकलेला असतो.

नवल असे, की हाच गृहस्थ पहाटे मुलीला गाडीवर बसवून मुळा नदीपलीकडच्या बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत सरावाला नेतो, जिल्हा संघटनेची नोंदणी फी भरतो, राज्य संघटनेचे ओळखपत्र घेतो, निवड चाचणीच्या तारखा पुढे गेल्या की निमूटपणे पुढे जाऊ देतो, आणि ज्या घटनेच्या बळावर हे सर्व व्यवहार चालतात ती घटना आयुष्यात एकदाही पाहत नाही. गाडी उभी करण्याच्या चार पट्ट्यांसाठी जो कलम आणि पोटकलम उद्धृत करतो, त्याला मुलीच्या उमेदीची दहा वर्षे ज्या संस्थेच्या स्वाधीन केली, तिचे नियम कोण करतो आणि कोण बदलतो हे विचारावेसेही वाटत नाही. विचारले तरी उत्तर सोपे नाही. कारण त्या संस्थेत तो सभासद नाही, आणि त्याची मुलगी तर नाहीच नाही.

आपल्याकडील क्रीडासंघटनांची रचना उतरंडीसारखी आहे. राष्ट्रीय महासंघाचे सभासद म्हणजे राज्य संघटना. राज्य संघटनेचे सभासद म्हणजे जिल्हा संघटना. जिल्हा संघटनेत कोठे क्लब, कोठे तालीम वा मंडळ, कोठे वीस-पंचवीस आजीव सभासद. प्रत्येक पायरीवर एक-दोन प्रतिनिधी वर जातात, आणि सर्वांत वर पोहोचेपर्यंत ज्याने मातीत अंग घोळवले किंवा मैदानावर गुडघे फोडले, त्याच्या मताचा लवलेशही उरत नाही. सभासदांनी आपल्या संघटनेची घटना स्वतः ठरवावी, तीत सरकारने वा न्यायालयाने हात घालू नये, असे जेव्हा मोठ्या आवेशाने म्हटले जाते, तेव्हा ते तत्त्व मला मान्य असते. प्रश्न एवढाच पडतो, की हे सभासद कोण?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत कटू फळ कुस्तीला चाखावे लागले. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू केली, सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले, आणि पुढे साठ वर्षे ही गदा म्हणजे गावोगावच्या तालमींतील पोरांचे एकमेव स्वप्न होऊन बसली. ३० जून २०२२ रोजी भारतीय कुस्ती महासंघाने ही परिषद बरखास्त केल्याचे जाहीर केले. त्या वेळी परिषदेचे अध्यक्ष शरद पवार होते आणि सरचिटणीस बाळासाहेब लांडगे. महासंघाची सूत्रे ब्रिजभूषण शरण सिंह यांच्या हाती होती. पुढे रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली नवा कुस्तीगीर संघ उभा राहिला, जुन्या परिषदेने आपला हक्क सोडला नाही, तंटा न्यायालयांत गेला, आणि महाराष्ट्राला एका गदेच्या जागी दोन गदा पाहाव्या लागल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला, आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. २०२५ मध्ये तर अहिल्यानगर शहरात पृथ्वीराज मोहोळ आणि त्याच जिल्ह्यातील कर्जतला वेताळ शेळके, असे एकाच जिल्ह्याने दोन महिन्यांच्या आत दोन केसरी पाहिले. या मल्लांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी समोर जो आखाडा आला त्यात कुस्ती मारली.

या प्रकरणात राजकारण किती आणि क्रीडाहित किती, याचा निवाडा मी करू इच्छीत नाही, कारण दोन्ही बाजूंना राजकारण्यांची वानवा नव्हती. मला खटकतो तो 'बरखास्त' हा शब्द. महासंघ फार तर आपली संलग्नता काढून घेऊ शकतो, जसा एखादा सावकार आपली पत काढून घेतो. पण नोंदणीकृत संस्था ही तिच्या सभासदांची असते, आणि १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याने संस्था विसर्जित करण्याचा निर्णय सभासदांच्या तीन पंचमांश बहुमतावर सोपवलेला आहे. दिल्लीतून एक हुकूम निघावा आणि पुण्यातील संस्था संपावी, ही कल्पना कायद्याच्या चौकटीत बसत नाही. ती दरबारी वहिवाटीत बसते. तथापि जिल्ह्याजिल्ह्यातील तालमींनी या हुकमाविरुद्ध उठाव केल्याचे दिसले नाही. दिसणार तरी कसे? ज्या परिषदेची घटना वस्तादांनी कधी वाचली नव्हती, तिची घटना पायदळी तुडवली गेली म्हणून त्यांनी शोक करावा, ही अपेक्षाच अवाजवी होती. त्यांनी पाहिले ते एवढेच, की एक कारभारी गेला आणि दुसरा आला.

बरखास्तीचा हुकूम काढणाऱ्या महासंघावर पुढे काय प्रसंग ओढवला, तेही येथे नोंदले पाहिजे. महिला मल्लांच्या आंदोलनानंतर निवडणुका मुदतीत न झाल्याने ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक कुस्ती संघटनेने महासंघाला निलंबित केले. २१ डिसेंबर २०२३ रोजी निवडणूक झाली. आणि तीनच दिवसांत केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने नव्या कार्यकारिणीला, स्वतःच्याच घटनेतील तरतुदी डावलून घाईने राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केल्याच्या कारणास्तव, निलंबित केले. त्या गोंधळात जानेवारी २०२४च्या अखेरीस एक राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्या पुण्यात झाली आणि फेब्रुवारीच्या आरंभी दुसरी जयपूरला. पुण्याची महासंघाची, पण महासंघ मंत्रालयाच्या दप्तरी निलंबित. जयपूरची महासंघाच्या जागी नेमलेल्या हंगामी समितीची, पण समिती महासंघाला अमान्य. शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षणाकडे डोळे लावून बसलेल्या तरुणाला अशा वेळी घटनेतील एका कलमाची किंमत कळते. पदक तेच, घाम तोच, पण दाखल्यावरचा शिक्का कोणाचा, यावर त्याची उपजीविका ठरावयाची असते.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहू, कारण सभासदांचा अधिकार म्हणजे सर्व रोगांवरचे औषध असे मानणे भाबडेपणाचे होईल. कबड्डी हा तर आपल्या मातीतला खेळ. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचून तो देशभर नेला. त्याहीपूर्वी हुतुतूच्या निरनिराळ्या गावच्या निरनिराळ्या तऱ्हा एकत्र बसवताना संजीवनी कोठे द्यावी, गडी उठवावा की बसवावा, दम मोडला हे कोणी ठरवावे, यांवर खेळणाऱ्यांनीच वर्षानुवर्षे खल केला. खो-खोचे नियमही पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खेळणाऱ्यांच्या देखतच बांधले गेले. खेळाचा नियम खेळणाऱ्याने करावा, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. परंतु खेळाचे नियम ज्या निगुतीने झाले, त्या निगुतीने संघटनेचे नियम झाले नाहीत. अखिल भारतीय पातळीवर कबड्डी महासंघाच्या घटनेत जनार्दनसिंह गेहलोत यांच्यासाठी तहहयात अध्यक्षपदाची सोय करण्यात आली आणि अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी मृदुल भदौरिया आल्या. घटनेत तसा बदल झाला, तोही सभासद म्हणवणाऱ्या राज्य संघटनांच्या डोळ्यांदेखत. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही दोन्ही पदे बेकायदा ठरवली आणि महासंघावर प्रशासक नेमला. त्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय पुरुषांचा संघ इराणकडून उपांत्य सामन्यात हरला. हा केवळ योगायोग, यापलीकडे मी काही सुचवीत नाही. प्रशासकाचा अंमल मात्र लांबत गेला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडून आलेल्या मंडळाकडे कारभार सोपवावा असा आदेश दिला, तो आशियाई अजिंक्यपद स्पर्धेला मुकण्याची पाळी आलेल्या खेळाडूंनीच दाद मागितल्यामुळे.

'तहहयात' हा शब्द इनामदारांच्या सनदांमध्ये शोभत असे. लोकशाही संस्थेच्या घटनेत तो शिरतो कसा, हे ज्यांना सभांच्या सूचनापत्रांची भाषा ठाऊक आहे त्यांना सांगावे लागत नाही. एखादे जुने सूचनापत्र काढून पाहा. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसरा, जमाखर्चाला मंजुरी. तिसरा, हिशेबतपासनीसाची नेमणूक. आणि अगदी शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. त्याखाली बारीक अक्षरांत एक टीप असते, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. या दोन ओळींतून, म्हणजे ऐनवेळचे विषय आणि अर्ध्या तासाची तहकुबी यांतून, महाराष्ट्रातील संस्थांच्या घटनांत जितके बदल घुसले असतील, तितके रीतसर ठेवलेल्या प्रस्तावांतून क्वचितच झाले असतील. चहा येतो, सूचक आणि अनुमोदक यांची नावे आधीच टंकलेली असतात, कोणी तरी 'मंजूर, मंजूर' म्हणतो, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज दाखल होतो.

आमच्या वाकडपासून द्रुतगती मार्गाने जरा पुढे गेले, की गहुंज्याचे क्रिकेट मैदान लागते. २०१२ साली उभ्या राहिलेल्या त्या वास्तूची मालक महाराष्ट्र क्रिकेट संघटना ही भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची सभासद आहे, आणि त्या सभासदत्वाच्या मतावरून मोठे रामायण घडले. न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये स्वीकारल्या, तेव्हा 'एक राज्य, एक मत' या तत्त्वाने मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन संघटनांना मिळून एकच मत उरणार होते. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयानेच तो भाग मागे घेतला आणि तिघांची मते तिघांना परत मिळाली. त्याच वेळी मंजूर झालेल्या नव्या घटनेत मात्र एक विलक्षण कलम राहिले: सभासदांनी तीन चतुर्थांश बहुमताने दुरुस्ती केली, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती अमलात यावयाची नाही. सलग कार्यकाळांनंतर पदाधिकाऱ्यांनी घ्यावयाच्या सक्तीच्या विश्रांतीचा नियम सैल करण्यासाठी मंडळाला पुन्हा न्यायालयाचे दार ठोठावावे लागले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ती सवलत मिळाली.

फुटबॉलच्या राष्ट्रीय महासंघाबाबतही तसेच कलम पुढे आले, पण तेथे गाठ फिफाशी होती. सदस्य संघटनेच्या कारभारात त्रयस्थाचा हस्तक्षेप नको, हा फिफाचा आग्रह; त्याच कारणास्तव ऑगस्ट २०२२ मध्ये तिने भारताला सुमारे दहा दिवस निलंबित केले होते. स्वायत्ततेचा हा कळवळा पाहून कौतुक वाटते खरे, परंतु जी संस्था आपल्या सदस्यांच्या घटनेत कोणती कलमे असावीत याचे नमुने स्वतःच घालून देते, तिने त्रयस्थाच्या हस्तक्षेपाची तक्रार करावी यातला विनोदही नजरेआड करवत नाही.

न्यायालयाच्या हेतूविषयी मला शंका नाही. चोराला कोठाराच्या किल्ल्या परत देताना जामीन मागावा, यात गैर काय, असे कोणी म्हणेल. परंतु सभासदांच्या ठरावावर न्यायालयाच्या मोहोरेची कायमची अट घातली, म्हणजे दोन गोष्टी घडतात. जिच्यापाशी नामांकित वकील उभा करण्याची ऐपत आहे त्या संघटनेचा मार्ग मोकळा राहतो, आणि जिच्यापाशी ती नाही अशा मल्लखांबाच्या वा आट्यापाट्यांच्या संघटनेला आपल्या घटनेतील साधी चूकही दुरुस्त करता येणार नाही. शिवाय सभासदांना सवय लागते, ती अशी, की घटनेची राखण हे आपले काम नव्हेच. ते कोणीतरी काळ्या झग्यातला पाहील.

२०२५च्या ऑगस्टात संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्याने राष्ट्रीय क्रीडा मंडळ, क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुका घेणाऱ्या अधिकाऱ्यांची स्वतंत्र यादी निर्माण केली. कार्यकारिणी पंधरा जणांपेक्षा मोठी नसावी, तीत किमान दोन नामवंत खेळाडू आणि चार महिला असाव्यात असे ठरवले. लागोपाठ तीन कार्यकाळांनंतर विश्रांतीची अट घातली. यांतील न्यायाधिकरणाचे मी स्वागत करतो, कारण कुस्तीचा वाद तेथे काही महिन्यांत मिटला असता तर दोन गदांचा प्रसंग कदाचित टळला असता. पण पंधरांत दोन खेळाडू बसवणे म्हणजे लग्नात मानाचा नारळ देण्यासारखे आहे. खेळाडूला खुर्ची मिळाली, मत मिळाले नाही. ज्या मतदारांच्या जोरावर उरलेले निवडून येतात, ते मतदार पूर्वीचेच आहेत. आणि खेळ हा विषय भारताच्या राज्यघटनेतील राज्यसूचीत असल्यामुळे, जिल्ह्याच्या पायरीवर मतदार कोण असावा हे ठरवण्याची जबाबदारी फिरून महाराष्ट्रावरच येते.

माझे म्हणणे एवढेच, की घटना बदलण्याचा अधिकार सभासदांपासून काढून घेऊ नये, सभासदच बदलावेत. जिल्हा संघटनेत नोंदणी असलेला आणि सलग दोन-तीन वर्षे अधिकृत स्पर्धा खेळलेला प्रत्येक सज्ञान खेळाडू, तसाच खेळातून निवृत्त झालेला खेळाडू, हा त्या संघटनेचा मतदार असावा. यावर पहिला आक्षेप मला ऐकू येतोच: पैलवानाला कलमे काय कळणार? ज्या प्रदेशात बारावी शिकलेला तरुण चाकणच्या कारखान्यात कामगार संघटनेच्या तीन वर्षांच्या वेतनकराराचा मसुदा कलमवार वाचतो, तेथे हा आक्षेप निव्वळ उद्धटपणाचा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मतदार वाढले, की बोगस मतदारही वाढतील. वाढतील, हे मी नाकारीत नाही. सभासद नोंदणी हेच तर आजचे खरे रणांगण आहे. नव्या सभासदांच्या नोंदणीवरून गहुंज्याच्या संघटनेचा निवडणुकीचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो उगाच नव्हे. परंतु दाराआड बसून वाटलेल्या सभासदत्वापेक्षा स्पर्धेच्या गुणपत्रकावर ज्याचे नाव आहे त्याला दिलेले सभासदत्व पडताळून पाहणे केव्हाही सोपे. गुणपत्रकावर पंचाची सही असते.

दुरुस्तीची रीतही कडक हवी, आणि त्यासाठी फार दूर जावयास नको. १८६०च्या कायद्याने संस्थेचा उद्देश बदलण्यासाठी जी पद्धत सांगितली आहे, तीत प्रस्ताव लेखी वा छापील पाठवावा लागतो, विशेष सभेत तीन पंचमांश मते लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा भरवून तितक्याच मतांनी तो पुन्हा कायम करावा लागतो. घाईला लगाम घालणारी ही तरतूद उद्देशापुरती राहिली आणि कारभाराचे नियम ज्याच्या त्याच्या घटनेवर सोडले गेले. कारभाऱ्यांनी मग उद्देशाला हात न लावता नियमांतूनच आपली तजवीज करून घेतली. तीच दोन सभांची रीत घटनेच्या प्रत्येक दुरुस्तीला लावावी, जुने कलम आणि नवे कलम शेजारी शेजारी मराठीत छापून प्रत्येक मतदाराकडे पाठवावे, घटनादुरुस्ती ऐनवेळच्या विषयांत कधीही येऊ नये, आणि तहकूब सभेलाही तिच्यापुरती गणपूर्ती लागावी. कार्यकाळ, वय वा निवडणुकीची पात्रता यांविषयीची दुरुस्ती असेल, तर तिचा लाभ ती करणाऱ्या पदाधिकाऱ्यांना मिळू नये. ती पुढच्या मंडळापासून लागू व्हावी. एवढे पथ्य पाळणाऱ्या संघटनेच्या ठरावावर सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीची अट ठेवण्याचे कारणच उरणार नाही, आणि दिल्लीच्या महासंघालाही तिला बरखास्त करण्याची भाषा जपून वापरावी लागेल.

तोवर वाकडच्या पालकांना करता येण्याजोगे एक काम आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेच्या घटनेची प्रमाणित नक्कल पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून आणि शुल्क भरून मागता येते. ती हाती आली, की आरंभीचे उदात्त उद्देश खुशाल वगळावेत. प्रथम सभासदत्वाचे कलम वाचावे, मग घटनादुरुस्तीचे, आणि त्यानंतर परिशिष्टातील विश्वस्तांची नावे मागच्या दहा-पंधरा वर्षांच्या बदल अर्जांशी ताडून पाहावीत. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ज्या चिकाटीने शिलकेचा हिशेब विचारला जातो, तितकी चिकाटी या कामाला पुरेशी आहे.